नावाला चिकटलेलं

नमस्कार, श्रोतेहो.

एखादं नाव कानावर पडतं आणि माणूस समोर यायच्या आधीच त्याचं वय, त्याचं घर, त्याची अक्कलहुशारी आपण मनाशी ठरवून मोकळे होतो. बारशाच्या वेळी यातलं काहीच कुणाच्या मनात नसतं. मग हे सगळं नावाला चिकटतं कसं?

जर्मनीतल्या केविनची गोष्ट मला यात फार बोलकी वाटते. नाव मूळचं आयर्लंडचं, तिथल्या एका संताचं. १९९० साली आलेल्या एका अमेरिकी विनोदी चित्रपटात घरी एकटा राहिलेल्या मुलाचं नाव केविन होतं. चित्रपट जगभर गाजला आणि १९९१ मध्ये जर्मनीत मुलग्यांच्या नावांत केविन पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. हौसेनं, कौतुकानं ठेवलेलं नाव. पण लाट ओसरली. शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या घरांत जुनी भारदस्त नावं मानाची ठरली आणि केविन म्हणजे साध्या, कमी शिकलेल्या घरातला पोर, ही समजूत घट्ट होत गेली.

२००९ मध्ये ओल्डेनबर्ग विद्यापीठातून प्राथमिक शिक्षकांना विचारण्यात आलं, की कोणत्या नावाचं मूल कसं असेल असं तुम्हाला वाटतं? शार्लोट, मारी, अलेक्झांडर, मॅक्सिमिलियान ही मुलं गुणी आणि हुशार वाटली. केविन, शांताल, मँडी ही अभ्यासात कच्ची आणि वर्गात त्रास देणारी. एका उत्तरात तर लिहिलेलं होतं, ‘केविन हे नाव नाही, रोगाचं निदान आहे.’

आता शाळेचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. बाईंनी हजेरीपट उघडलाय. त्या ‘केविन’ वाचतात आणि मान वर करून पाहतात, तेव्हा त्या पाहण्यातच थोडी सावधगिरी असते. मागच्या बाकावर दोन मुलं कुजबुजतात. मॅक्सिमिलियान बोलला तर त्याला उत्सुकता आहे, केविन बोलला तर त्याला शिस्त नाही. बाई दुष्ट नाहीत. आपण काही वेगळं करतोय हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. पण सहा वर्षांच्या मुलाला ती नजर बरोबर कळते, आणि असं रोज झालं की ते मूल हात वर करायचंच सोडून देतं.

मला यातलं खरं दुखणं वेगळं वाटतं. गरिबाच्या पोराला नावं ठेवायला माणूस चारचौघांत कचरतो, त्याच्या नावाला हसायला मात्र कुणी कचरत नाही. जे उघड बोलता येत नाही, ते नावाच्या आडून बोललं जातं.

ही केवळ हसण्यावारी नेण्याची बाब राहत नाही. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमध्ये नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० अर्ज पाठवले होते. माणसं काल्पनिक, पात्रतेचा नावाशी काही संबंध नाही. काही अर्जांवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी नावं, काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांची वाटणारी. २००४ साली निष्कर्ष छापून आले. एमिलीसारख्या नावांना साधारण दहा अर्जांमागे एक फोन येत होता, लकीशासारख्या नावांना पंधरा अर्जांमागे एक.

कॅरनचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेत उठसूट मॅनेजरला बोलवा म्हणणारी, कृष्णवर्णीय माणूस दिसला की पोलिसांना फोन लावणारी गोरी मध्यमवयीन बाई म्हणजे कॅरन, असं २०२० च्या सुमारास सर्रास बोललं जाऊ लागलं. ज्यांनी हे सोसलं त्यांना त्या वागण्यासाठी एक शब्द हवा होता, आणि ती गरज मला खरी वाटते. पण कॅरनच का? कारण १९६५ साली हे नाव तिथल्या मुलींच्या नावांत तिसऱ्या क्रमांकावर होतं. त्या मुली २०२० मध्ये पंचावन्नच्या झाल्या. नुसत्या नावावरून वय आणि रंग दोन्ही कळत होते. ज्या कॅरननं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही, तिलाही आता नाव सांगताना क्षणभर थांबावं लागतं.

आपल्या भाषेतही बिभीषण आहेच की. रामायणात तो न्यायाची बाजू घेतो, भावाला परोपरीनं समजावतो, आणि बोलण्यात मात्र उरतो तो घरभेदी म्हणून. नावाला काय चिकटेल हे त्या माणसाच्या करणीवर अवलंबून नसतं, सांगणाऱ्याला काय सोयीचं आहे त्यावर असतं.

अलेक्साचं तर पाहायलाच नको. २०१४ साली एका कंपनीनं आपल्या बोलत्या यंत्राला हे नाव दिलं. तोवर ते मुलींचं चांगलं रुळलेलं नाव होतं. नंतर शाळेतली पोरं ‘अलेक्सा, गाणं लाव’, ‘अलेक्सा, दिवा बंद कर’ म्हणून मुलींना हैराण करू लागली. काही आईवडिलांनी शेवटी मुलीचं नाव बदललं. हुकूम सोडण्यासाठी मुलीचंच नाव निवडावं, हे मला आजही खटकतं.

इस्रायलमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी प्रौढ माणसांचे चेहरे दाखवून चार-पाच नावांतून खरं नाव ओळखायला सांगितलं, तर लोक नुसत्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरले. लहान मुलांच्या चेहऱ्यांवरून मात्र तसं ओळखता येईना. मुलांचे फोटो संगणकावर मोठ्या वयाचे करून पाहिले, तरीही नाही. म्हणजे ते चेहऱ्यात जन्मजात नसतं. केस कसे ठेवायचे, कसं हसायचं, चारचौघांत कसं वावरायचं, हे आपल्या नावाकडून लोकांच्या ज्या अपेक्षा असतात त्यांच्या वळणानं माणूस वर्षानुवर्षं शिकत जातो, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.