कलिंगडाला कोणी ढकललं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओपासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, गाडीत मागच्या सीटवर सीटबेल्टचा पट्टा कशाला? पुढे सीट आहे की अडवायला!" आहे ना. आणि त्या सीटवर बहुतेक वेळा आपलंच कुणीतरी बसलेलं असतं.

न्यूटन, 1687, पहिला नियम, जडत्व: बाहेरून जोर लागला नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ जात राहते. शाळेत दोन मार्कांना सगळ्यांनी लिहिलंय, त्यात वेळ घालवत नाही. माझं डोकं फिरतं ते या वाक्याने: "ब्रेक मारला की आपण पुढे ढकलले जातो." अहो, कोण ढकलतं?

साताऱ्याहून पुण्याला येत होतो. वाटेत कलिंगड घेतलं, चांगलं चार किलोचं, आणि ठेवलं मागच्या सीटवर. खंबाटकीचा बोगदा ओलांडला, आणि शिरवळच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. मी कचकन ब्रेक दाबला. कलिंगड दोन सीटांमधून सुटलं ते थेट डॅशबोर्डवर. बायको म्हणाली, "टायर फुटला का?" आता सांगा, त्याला कोणी ढकललं? कोणीच नाही. गाडी थांबली. कलिंगडाला थांबवणारं कोणी नव्हतं, म्हणून ते आपल्या आधीच्याच वेगाने जात राहिलं.

नाही पटलं? एसटीत उभे राहा. ब्रेक लागला की पाय थांबतात, कारण खालच्या पत्र्याचं घर्षण त्यांना धरतं. धडाला कोण धरणार? ते जातं समोरच्या काकांच्या अंगावर.

वळणावरही तेच. बस वळते, आपण सरळच जात असतो, मग खिडकीच येऊन आपल्याला लागते. लगेच कुणीतरी लिहिणार, "सर, वळणावर बाहेर फेकणारं अपकेंद्री बल विसरलात." विसरलो नाही हो. बसमध्ये बसून हिशेब मांडायचा तर ते सोयीचं आहे. पण रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस बघेल तर त्याला दिसेल एवढंच, की बस वळली आणि तुम्ही नाही वळलात.

तर धडकेत गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. तुम्हाला कुणीतरी थांबवावं लागतं. पट्टा थांबवतो तेव्हा तो थोडा ताणला जातो, थांबायला जरा जास्त वेळ देतो, आणि जोर छाती-कमरेच्या हाडांवर वाटून टाकतो. पट्टा नसला तर थांबवणारी समोरची काच यातलं काहीही करत नाही. हा तीन टोकांचा पट्टा व्हॉल्वोच्या निल्स बोलिनने 1959 मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं.

आता ज्यावर मला राग येतो ते. "बाळ माझ्या मांडीवर आहे, मी घट्ट धरलंय." ताई, हिशेब करू. बाळ 10 किलोचं, वेग ताशी 50 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. धडकेत हा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला असं धरा. बाळाला धरून ठेवायला लागणारा जोर येतो साधारण 140 किलो वजन उचलण्याइतका. सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या! माया कितीही असू दे, हात सुटणारच. मुलांची सीट घ्या, मागे बांधा. महाग वाटते? मोबाईल केवढ्याचा आहे?

आणि तो "टिंग टिंग" आवाज बंद करायची क्लिप! पट्टा न लावता गाडीला फसवायचं. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या विक्रीवरून काढायला लावल्या. तरी मला विचारतात, "सर, लिंक द्या ना." नाही देणार. मागे पट्टा नसला तर 1000 रुपये दंड आहे, तो भरा हवं तर.

बाकी एअरबॅगवाल्यांच्या प्रश्नांसाठी वेगळा व्हिडिओ करतो, कारण पट्ट्याशिवाय एअरबॅग हे प्रकरण मोठं आहे.

आणि हो, कलिंगडाचं काय झालं म्हणून विचाराल. अर्धं खाल्लं. बिया अजून एसीच्या जाळीतून निघतायत.