डाव्या दंडावरची खूण

बाळाच्या डाव्या दंडाकडे जरा जवळून पाहा. सुई कातडीत जवळजवळ आडवीच शिरते आहे. बीसीजी या क्षयावरच्या लशीची मात्रा ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. सुई नेमक्या थरात असली की तिथे पांढुरका फुगवटा येतो, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा. अर्ध्या तासात तो विरतो.

मग दोन-तीन आठवडे काहीच नाही. घरचे विसरूनही जातात. आणि एके दिवशी अंघोळ घालताना तिथेच लाल पुटकुळी दिसते. ती पिकते, फुटते, खपली धरते, पुन्हा ओलावते. पूर्ण भरायला दोन-तीन महिने जातात. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण हे बिघडणं नव्हे. लशीतले जंतू जिवंत आहेत, फक्त दुबळे केलेले. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते १९०८ पासून १३ वर्षं पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर पुन्हा पुन्हा वाढवले, आणि १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. तीसुद्धा तोंडावाटे!

जखम कोरडी, स्वच्छ ठेवायची. पिळायची नाही, मलम चोपडायचं नाही. एवढंच.

गळू होतं ते बऱ्याचदा सुई खोल गेल्यामुळे. कधी त्याच बाजूच्या काखेत गाठ येते. लहान, कडक गाठ बहुधा आपोआप जिरते. मऊ पडली, वरची कातडी लाल झाली, तर डॉक्टर सुईने पू ओढून घेतात. चिरा देणं टाळतात, कारण ती वाट महिनोन्‌महिने वाहत राहू शकते.

काहींच्या व्रणावर केलॉइड, म्हणजे जाड, उंच वाढलेला व्रण, उठतो. क्वचित, महिन्यांनी किंवा वर्षांनी, तिथून तांबूस-तपकिरी चट्टा हळूहळू पसरतो. हा लुपस व्हल्गॅरिस, म्हणजे कातडीचा क्षय. काचपट्टी दाबली की त्यात पिवळसर-तपकिरी ठिपके दिसतात. खात्रीसाठी कातडीचा तुकडा तपासतात. क्षयाचं पायराझिनामाइड हे नेहमीचं औषध लशीतल्या या जंतूवर चालत नाही, हे उपचार ठरवताना लक्षात ठेवावं लागतं.

खरी भीती जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांना. त्यांच्यात हेच दुबळे जंतू अंगभर पसरतात. म्हणून घरात तसा इतिहास असेल तर लस टोचण्याआधीच सांगायचं.

आणि ही खूण कधी भलतंच काही सांगते. तान्ह्याला ताप, डोळे लाल, ओठ फुटलेले. डॉक्टर बाही वर सरकवतात. महिन्यांपूर्वी भरून आलेला व्रण पुन्हा लालबुंद झालाय. लशीचा यात दोष नाही. डॉक्टरांच्या मनात आता कावासाकी आजाराची, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची, शंका आहे.