एकटा डॉक्टर

मित्रहो, दुर्गम भागात डॉक्टर का टिकत नाहीत, हा विषय निघाला की बोलणं लगेच सेवाभावावर येतं. नव्या पिढीत त्याग उरला नाही, सगळे पैशामागे धावतात, वगैरे. मला हे निदानच चुकीचं वाटतं.

दुखणं किती मोठं आहे ते आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मांडलेला हिशेब असा, की जगातली जवळपास निम्मी माणसं ग्रामीण भागात राहतात, पण त्यांच्या वाट्याला जगातल्या डॉक्टरांपैकी पाव हिस्साही येत नाही.

आता एक रात्र डोळ्यांपुढे आणा. बाळंतपण झालंय, बाळ रडलंय, पण वार पडत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. अशा बाईचा जीव दोन तासांत जाऊ शकतो. दवाखान्यात डॉक्टर आहे, बरं का! त्याने सलाईन लावलंय, रक्तस्राव आवरायला ऑक्सिटोसिन हे औषध दिलंय. पुढे वार हाताने काढायची तर भूल देणारं कुणी हवं, सरावलेली नर्स हवी, रक्त हवं आणि ते साठवायला न जाणारी वीज हवी. यातलं काहीच नसेल तर त्याचं सगळं शिक्षण तिथेच थांबतं. तो तिला गाडीत घालून पुढे पाठवतो. ती वाटेत दगावली, तर सकाळी नातेवाइकांपुढे तोच उभा असतो. हा माणूस वर्षभरात शहरात निघून गेला तर त्याला पळपुटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कागदावर ती जागा भरलेली होती. प्रत्यक्षात तिथे एक माणूस एकटा सोडून दिला होता.

मग सक्ती करा, असं म्हणतात. मेक्सिकोने १९३६ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना समाजसेवेचं वर्ष लावलं आणि पुढे अनेक देश त्या वाटेने गेले. सक्तीने दवाखाना उघडा राहतो, हे मी नाकारत नाही. पण जिथे चूक सावरायला जवळ कुणी नाही, नेमका तिथेच सर्वांत नवशिका जातो आणि हात बसू लागला की त्याची मुदत संपते.

मला जास्त शिकण्यासारखी वाटते ती नॉर्वेची गोष्ट. तिथल्या उत्तरेला डॉक्टर टिकत नव्हते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉम्सो इथे, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, विद्यापीठ सुरू झालं, तिथेच डॉक्टर घडवायला सुरुवात झाली आणि काही जागा उत्तरेतल्याच मुलांसाठी ठेवल्या. पुढे पाहणी झाली, तेव्हा तिथे शिकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त उत्तरेतच राहिलेले दिसले. जे मूळचे तिथलेच होते, त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं, तिथेही प्रत्येक प्रांतातून मुलं निवडतात, फीचा भार उचलतात आणि त्यांना आपापल्या प्रांतात सेवेला पाठवतात. डॉक्टर कुठे राहील हे बरंचसं प्रवेशाच्या वेळीच ठरतं, आणि आपण मात्र पदवी हातात पडल्यावर त्याला उपदेश करायला जातो!

आणि टिकून राहिल्याने काय होतं? वेल्समधल्या ग्लिनकॉरग नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर होते. जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, हा नियम त्यांनीच १९७१ मध्ये मांडला. ते त्याच खेड्यात तीसेक वर्षं राहिले. येणाऱ्यांना तर तपासलंच, पण न येणाऱ्यांनाही शोधून त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला, आणि वर्षानुवर्षं मोजत राहिले. पुढे शेजारच्या तशाच खेड्याशी तुलना झाली. पासष्टीच्या आतले मृत्यू हार्ट यांच्या गावात कमी होते.