परदेशी सेलिब्रिटीने गुन्हा केला तर त्याला देशाबाहेर काढायचं का?

नमस्कार मंडळी! जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीचवर पोलिसांनी पॉप गायक जस्टिन बीबरला पकडलं. वय १९, नागरिकत्व कॅनडाचं. लगेच व्हाइट हाउसच्या वेबसाइटवर मागणी आली, याला डिपोर्ट करा, म्हणजे देशाबाहेर काढा. सह्या पडल्या २ लाख ७० हजारांच्या वर! व्हाइट हाउसने त्यावर काही बोलायलाच नकार दिला. पुढे बीबरने निष्काळजीपणे गाडी चालवल्याचं आणि अटकेला विरोध केल्याचं कबूल केलं. दोन्ही किरकोळ गुन्हे. तो अमेरिकेतच राहिला.

मला विचाराल तर हे योग्यच झालं. कोणाला देशात ठेवायचं आणि कोणाला नाही, हे सह्या मोजून ठरवायचं नसतं. त्या सह्यांमागे गुन्ह्याचा राग किती आणि बीबर आवडत नाही म्हणून किती, हे कोण सांगणार?

मग प्रसिद्ध माणसाला हात लावायचाच नाही का? लावायचा ना. बोरिस बेकर बघा. तीन वेळचा विम्बल्डन विजेता, जर्मन नागरिक, राहायला लंडनमध्ये. दिवाळखोरीत मालमत्ता लपवली म्हणून एप्रिल २०२२ मध्ये त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये २००७ चा कायदा आहे: परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा जास्त कैद झाली, की काही अपवाद सोडले तर त्याची रवानगी ठरलेलीच. डिसेंबरमध्ये बेकर तुरुंगातून सुटला आणि थेट जर्मनीला गेला. त्याच्या जागी एखादा हॉटेल कामगार असता तरी नियम हाच लागला असता. मला हवंय ते एवढंच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डिपोर्ट करणं म्हणजे नेहमी कडक कारवाईच असते असं नाही. जानेवारी १९८०, टोकियोचं नारिता विमानतळ. बीटल्स या प्रसिद्ध ब्रिटिश बँडमधला गायक पॉल मॅकार्टनी याच्या सामानात २१९ ग्रॅम गांजा सापडला. नऊ रात्री कोठडीत काढल्या, आणि मग खटला न चालवताच त्याला परत पाठवून दिलं. इथे निदान कोणाला इजा झालेली नव्हती. पण कोणाला मारहाण झाली असेल, कोणाचा बलात्कार झाला असेल, तर आरोपीला विमानात बसवणं म्हणजे त्याची सुटका करणंच आहे. अशा वेळी पीडितेला न्याय कुठे मिळणार? खटला आधी चाललाच पाहिजे, शिक्षा आधी भोगलीच पाहिजे.

आणि ज्या केसमुळे मी हा व्हिडिओ करतोय, ती बीटल्समधल्याच जॉन लेननची. १९६८ साली लंडनमध्ये चरस सापडल्याच्या प्रकरणात त्याने गुन्हा कबूल केला होता, दंड झाला १५० पौंड. तेवढ्याच आधारावर १९७२ मध्ये अमेरिकेने त्याला हाकलायला काढलं. खरं कारण वेगळंच होतं. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलत होता, निवडणुकीचं वर्ष होतं, आणि त्याचा व्हिसा संपवलेला बरा, असं सुचवणारी टिपणी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी फेब्रुवारीतच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारकडे पाठवली होती. ऑक्टोबर १९७५ मध्ये अपील कोर्टाने आदेश उलटवला. छुप्या राजकीय कारणांसाठी निवडून एखाद्यालाच देशाबाहेर काढणं आम्हाला मान्य नाही, असं न्यायाधीश आयर्विंग कॉफमन यांनी निकालात स्पष्ट लिहिलं. १९७६ मध्ये लेननला ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना मिळाला.

त्याचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी या लढाईत सरकारी दप्तरातून एक गोष्ट बाहेर काढली. काही लोकांच्या परिस्थितीकडे बघून इमिग्रेशन खातं त्यांना गुपचूप राहू देत होतं, आणि बाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. लेननमुळे ही सवलत उजेडात आली. लहानपणी आईवडिलांबरोबर कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेल्या लाखो तरुणांना २०१२ पासून जे संरक्षण मिळालं, ते अशी सवलत देण्याच्या याच अधिकाराच्या आधारावर.