मळीच्या पाण्यातलं पोटॅश

(आसवनी, म्हणजे अल्कोहोल गाळण्याचा कारखाना. तिथल्या स्तंभाचा तळ. वाफाळतं काळपट पाणी.)

हे स्पेंटवॉश. गावात म्हणतात मळीचं पाणी. मळी म्हणजे साखर काढल्यावर उरलेला घट्ट काळपट पाक. ती आंबवून तिच्यातलं अल्कोहोल काढून घेतलं की मागे राहतं ते हेच, एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर. बाहेर पडतं तेव्हा उकळीच्या जवळ आलेलं, सामू (पीएच) ४ ते ४.५. बारामती, इंदापूर, दौंड, जुन्नर... पुणे जिल्ह्यात जिथे साखर कारखान्याला जोडून आसवनी आहे, तिथे ते रोज तयार होतं.

मळीतून आलेलं पोटॅश, म्हणजे पिकाला लागणारं पालाश, अल्कोहोलमध्ये उतरत नाही. ते या पाण्यातच राहतं. ते उसाच्या रानातून आलेलं आहे आणि तिथेच परत गेलं पाहिजे.

(डायजेस्टर.)

या टाकीत हवा नाही. ३५ ते ३८ अंशांवर जिवाणू पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा बायोगॅस करतात. एक घनमीटर पाण्यातून २५ ते ३० घनमीटर गॅस मिळतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड आधी धुऊन काढायचा, नाहीतर बॉयलर खराब होतो. टाकी बिघडते ती बहुतेक वेळा घाईनं. साठलेलं पाणी एकदम सोडलं की आम्लं साचतात, सामू ६.८ च्या खाली येतो आणि मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. मग पाणी कमी करून टाकी सावरेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

(कंपोस्ट यार्ड. एरोटिलर, म्हणजे ओळी उलथवणारं यंत्र.)

डायजेस्टरमधून निघालेलं पाणी इथे येतं. पक्क्या, न झिरपणाऱ्या फरशीवर प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, लांब ओळी लावल्यात, सुमारे तीन मीटर रुंद, दीड मीटर उंच. पहिले तीन-चार दिवस नुसती उलथापालथ करून प्रेसमड सुकवायची. मग जिवाणू संवर्धक मिसळून फवारणी सुरू. एक टन प्रेसमडला अडीच घनमीटर पाणी, तेही एकदम नाही, रोज थोडं थोडं. एरोटिलर पुढे सरकतो आणि मागे वाफ उठते, कारण ओळीच्या पोटात तापमान ६० ते ७० अंश असतं.

हा हात पाहा. मूठ आवळली, गोळा झाला, बोटांतून थेंब गळला नाही. ओल बरोबर. थेंब गळला तर त्या ओळीला आज पाणी नाही. हाव धरून जादा ओतलं की पाणी तळाशी बसतं, हवा कोंडते, कुजका वास सुटतो आणि पंधरा दिवसांची मेहनत वाया. शेवटच्या दहा-बारा दिवसांत फवारणी बंद. साधारण दोन महिन्यांनी हे भुरभुरीत, मातीचा वास असलेलं खत तयार होतं.

पावसाळ्यात यार्ड बंद ठेवावं लागतं. अस्तर फाटलं किंवा पाणी ओढ्याला गेलं तर विहिरी नासतात, नीरा-भीमेतले मासे मरतात.

(बाष्पीभवन संच, मग बॉयलर.)

दुसरी वाट सरळ आगीची. स्पेंटवॉश आटवून त्यातले घन पदार्थ ५५ ते ६० टक्क्यांवर आणायचे आणि बगॅस (उसाचं चिपाड) किंवा कोळशाच्या जोडीनं बॉयलरमध्ये जाळायचे. नळ्यांवरचा हा करडा थर पोटॅशच्या राखेचा. ती लवकर वितळते आणि चिकटते, म्हणून बॉयलर ठरावीक दिवसांनी थांबवून साफ करावाच लागतो.

पण हीच राख कामाची आहे. मळीपासूनचं पोटॅश, म्हणजे पीडीएम, सरकारच्या खत नियंत्रण आदेशात आलेलं आहे आणि त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावं लागतं. म्युरेट ऑफ पोटॅश आपल्याला परदेशातून आणावं लागतं. हे आपल्याच उसाचं आहे.

(पोती. सरी.)

सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या उसाला, हेक्टरी ११५ किलो पोटॅशची शिफारस आहे. सगळं पीडीएमनं द्यायचं तर ७९३ किलो लागतं, म्हणजे ५० किलोची सोळा पोती. मातीपरीक्षण आधी करा, जमिनीत पोटॅश भरपूर असेल तर मात्रा कमी होते. आणि ही राख अल्कधर्मी असते. युरियात मिसळून ठेवू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाईल. सरीत आधी राख, वर माती, युरिया नंतर वेगळा.