लव हलतेय का?

भाताच्या खाचरावरून वारा गेला की अशी लाट उठते. ही लाट माणसाच्या नाकातल्या अस्तरावरची आहे. एकेका पेशीवर सुमारे २०० तंतू. पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, आपण लव म्हणू. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत ती धूळ-जंतू अडकलेला शेंबूड घशाकडे ढकलते. तो आपण नकळत गिळतो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल फिल्म, बराकींच्या रांगा)

इंग्लंडमधलं सॉल्सबरी. १९४६ पासून इथे कॉमन कोल्ड युनिट होतं. लोक आपखुशीने येत, दहा दिवस फुकट राहत आणि नाकात सर्दीचे थेंब घालून घेत.

१९६०-६१ च्या सुमारास एका शाळकरी मुलाच्या नाकातला नमुना इथे आला. त्यातल्या विषाणूचं नाव बी८१४. स्वयंसेवकांना त्याने सर्दी व्हायची, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर तो काही केल्या वाढेना. मग युनिटमधल्या डेव्हिड टायरेल यांनी स्वीडनच्या बर्टिल हूर्न यांची पद्धत उचलली. सुट्या पेशी नकोत, श्वासनलिकेचा अख्खा तुकडाच जगवायचा. गर्भपातानंतर मिळालेल्या मानवी गर्भाच्या श्वासनलिकेचे हे तुकडे. अस्तराची बाजू वर, भोवती पोषक द्रव, तापमान नाकातल्याइतकंच, ३३ अंश. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बघायचं काय, तर लव हलतेय का.

बी८१४ इथे वाढला. पटवायचं कसं? तुकड्यांवरचा द्रव पुन्हा स्वयंसेवकांच्या नाकात! सर्दी झाली. हे १९६५ साली छापून आलं. माणसाच्या विषाणूला माणसाचंच अस्तर लागलं, हे मुद्दाम सांगतोय.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जून अल्मेडा यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांची शाळा सोळाव्या वर्षी सुटली होती. वडील ग्लासगोत बस चालवायचे. कडेने मुकुटासारखे टोचे दिसतात ना? त्यावरूनच १९६८ मध्ये नाव पडलं, कोरोनाविषाणू.

(दृश्य: आजची प्रयोगशाळा, प्लास्टिकची बशी)

आता नाकात बारीक ब्रश फिरवून पेशी काढतात, सच्छिद्र पडद्यावर लावतात. खाली अन्नद्रव, वर हवा. महिनाभरात लव उगवते. हिरवं चमकतंय ते कोविडच्या विषाणूचं प्रथिन. लव असलेल्या पेशीच तो आधी धरतो, कारण तो ज्यातून आत शिरतो ते कुलूप, एसीई२ नावाचं प्रथिन, त्यांच्यावर असतं. लवेलाच चिकटून तो शेंबडाचा थर ओलांडतो.

पुढे लव गळते, शेंबूड साचतो, खाली फुप्फुसांकडची राखण ढिली पडते.

उजवा कोपरा पाहा. तिथली लाट थांबलीय.