वाळवी राहते कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. दाराच्या चौकटीला किंवा कपाटाच्या पाठीला वाळवी लागली की औषध कोणते मारायचे, हे आपण आधी विचारतो. ती कोणत्या प्रकारची आहे आणि तिची वसाहत नेमकी कुठे आहे, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की शोध वसाहतीपासून सुरू करावा, कारण वाळवीचे खाणे, तिचा वावर आणि तिच्यापासून होणारे नुकसान हे सारे तिच्या राहण्याच्या जागेवर अवलंबून असते.

जगात वाळवीच्या सुमारे 3000 जाती ज्ञात आहेत. ती मुंगीसारखी वाटली तरी तिचे जवळचे नाते झुरळांशी आहे. इमारतींचे सर्वाधिक नुकसान करते ती जमिनीखाली राहणारी वाळवी. तिची त्वचा पातळ असल्यामुळे उघड्या हवेत ती लवकर सुकते. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ती पायावरून, भिंतीवरून नळ्या बांधत नेते आणि त्यांच्या आडोशाने जमिनीतला ओलावा न सोडता लाकडापर्यंत पोहोचते. भिंतीवर अशी नळी दिसली, तर वसाहत बहुधा मातीत आहे असे समजावे आणि उपाय मातीपासून सुरू करावा. याला अपवादही आहे. ‘फॉर्मोसन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीची वसाहत लाखोंची होऊ शकते, आणि गळक्या छपरासारखा ओलाव्याचा कायमचा आधार मिळाला तर ती मातीशी संबंध न ठेवताही भिंतीच्या पोकळीत नांदते.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला मातीची गरजच नसते. ज्या लाकडावर ती जगते, त्याच लाकडाच्या आत तिचे घर असते. लाकडातल्या जेमतेम ओलाव्यावर ती भागवते आणि विष्ठेतले पाणीही शरीरात परत शोषून घेते. त्यामुळे तिची विष्ठा कोरडी, कठीण आणि सहा बाजूंची असते. बारीक छिद्रांतून बाहेर ढकललेले हे कण लाकडाखाली साचलेले दिसतात, आणि पुष्कळदा तीच पहिली खूण ठरते. येथे जमिनीत औषध ओतून काहीही साधत नाही. उपाय त्या लाकडावरच करावा लागतो. लाकडी सामान आणि जहाजे यांच्यासोबत या वाळवीच्या काही जाती समुद्रापार पसरल्या आहेत. ओल्या, कुजत चाललेल्या ओंडक्यांत राहणारी वाळवी मात्र मुख्यतः जंगलातच आढळते.

आफ्रिका आणि आशियातल्या वारूळ बांधणाऱ्या काही जाती आपल्या घरट्यात बुरशीची लागवड करतात. कामकरी वाळव्या वाळलेली पाने आणि लाकडाचे तुकडे आणून त्यांच्यावर बुरशी वाढवतात. ती बुरशी वनस्पतींचा चिवट भाग मऊ करते आणि मग सारी वसाहत त्यावर पोसली जाते. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पाणथळ मैदानांत राहणारी एक जात आपली चपटी वारुळे दक्षिणोत्तर दिशेने उभारते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्यांच्या रुंद बाजूंवर ऊन पडते आणि दुपारच्या तळपत्या उन्हापुढे केवळ अरुंद कड राहते. इतक्या लहान, डोळे नसलेल्या कामकऱ्यांनी हे साधावे, याचे मला आजही नवल वाटते. ब्राझीलच्या ईशान्य भागात तर सुमारे 20 कोटी ढिगारे आहेत, आणि त्यांतले काही जवळपास 4000 वर्षांचे असल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले. ते ढिगारे म्हणजे घरटी नव्हेत; जमिनीखालचे बोगदे खोदताना बाहेर टाकलेली ती माती आहे.

काही जाती चावलेल्या लाकडाचा लगदा करून झाडांच्या फांद्यांवर घरटी बांधतात. आफ्रिकेतल्या गवत तोडून नेणाऱ्या वाळवीच्या कामकऱ्यांना डोळे असतात आणि त्या दिवसाउजेडी उघड्यावर फिरतात. उष्ण प्रदेशांतल्या पर्जन्यवनांत तर मातीतला कुजलेला अंशच खाऊन राहणाऱ्या कितीतरी जाती आहेत. घराच्या चौकटीशी त्यांना काही कर्तव्य नसते.